पॅस्टीची मुरड

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला असलेल्या कॉर्नवॉलमध्ये पॅस्टीच्या दुकानांत, खाणींच्या संग्रहालयांत आणि पाककृतींच्या पुस्तकांत एक गोष्ट हमखास भेटते. कथिलाच्या खाणीत उतरणाऱ्या माणसाचे हात आर्सेनिकने माखलेले असत. खाली हात धुवायची सोय नसे. म्हणून घरच्या बाईने पॅस्टीच्या कडेला दोरखंडासारखी जाड मुरड घातली. ती धरून तो बाकीची पॅस्टी खाई आणि विष लागलेली कड खाणीतल्या भुताखेतांना टाकून देई. गोष्ट सांगायला झकास आहे. तिच्यात कष्ट आहेत, विष आहे, बायकोची हुशारी आहे आणि शेवटी भुतांचीही सोय लागते. पण जुने कागद, जुनी छायाचित्रं आणि जुन्या पाककृती काढून बसलं, की ही गोष्ट ढिली पडत जाते.

आधी पदार्थ. चरबी घालून घट्ट मळलेल्या गव्हाच्या पिठाची जाड पारी. तिच्या अर्ध्या भागावर गोमांसाचे तुकडे, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमच्या जातीचा पिवळट कंद. वर मीठ आणि सढळ हाताने मिरपूड. पारी दुमडायची, कडा मुरडून बंद करायची आणि भट्टीत सारायची. आपल्या करंजीची थोरली, तिखटमिठाची बहीण म्हटलं तरी चालेल, फक्त ही एकच खाल्ली की माणसाचं जेवण होतं. मांस खिम्याचं नको, पोटाच्या पडद्याजवळचं हवं. इंग्रज खाटीक त्याला ‘स्कर्ट’ म्हणतात. स्वस्त, धाग्याधाग्याचं, पण शिजताना भरपूर रस सोडणारं. बटाट्याच्या चौकोनी फोडी करत नाहीत. तो हातात धरून सुरीने वेड्यावाकड्या पातळ चकत्या थेट पारीवर उडवायच्या. त्यातल्या काही विरघळून रस दाट करतात, काही अख्ख्या राहतात.

सगळं सारण कच्चंच भरतात, आणि पॅस्टीची खरी खुबी त्यातच आहे. सुमारे तासभर भट्टीत असताना मांसाचा रस, कांद्याचं पाणी आणि बटाट्याची पिठी आतल्या आत एकमेकांत मुरतात. एक तरी फट राहिली तर तिथून रस उकळून बाहेर येतो, पत्र्यावर करपतो आणि सारण कोरडं पडतं. मुरड घट्ट घालायची ती यासाठी. मूठ म्हणून तिचा उपयोग नंतरच्या लोकांनी शोधून काढला.

आता इतिहासाकडे. पॅस्टी कामगाराची म्हणून ओळखली जाते, पण सुरुवातीला ती सहसा कामगाराच्या हाताला लागणारी वस्तू नव्हती. मध्ययुगीन इंग्लंडात आणि पुढेही बराच काळ मानाची पॅस्टी म्हणजे हरणाच्या मांसाची. हरणं असत सरदारांच्या राखीव रानांत. मांस बाजारात सहज मिळत नसे. मर्जीतल्या माणसाला भेट म्हणून ते जाई. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’च्या पहिल्याच प्रवेशात तंटा मिटवण्यासाठी पाहुण्यांना जेवायला बोलावतात, तेव्हा पानात हरणाची गरम पॅस्टी असते. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स १६६०च्या जानेवारीत एका मेजवानीला जातो आणि हरणाची म्हणून वाढलेली पॅस्टी चक्क गाईच्या मांसाची निघाली, हे शोभलं नाही, अशी नाराजी टिपून ठेवतो. ज्या गोमांसावर आज कॉर्नवॉल अभिमानाने शिक्का मारतो, ते त्या काळी पॅस्टीतली फसवणूक होती! त्या पॅस्टीचं आवरणही पुष्कळदा खाण्यासाठी नसे. ते भांडं असे: मांस भाजायचं, टिकवायचं आणि दूरवर पाठवायचं.

हे ध्यानात घेतलं म्हणजे डेव्हन आणि कॉर्नवॉल या शेजाऱ्यांमधलं भांडण जरा हास्यास्पद वाटू लागतं. २००६ साली इतिहासकार टॉड ग्रे यांना प्लिमथ शहराच्या १५०९-१० च्या जमाखर्चात पॅस्टी करणाऱ्या आचाऱ्याच्या मजुरीची नोंद सापडली. प्लिमथ डेव्हनमध्ये. कॉर्नवॉलकडे दाखवायला होती ती १७४६ सालची पाककृती, म्हणजे सव्वादोनशेहून जास्त वर्षं मागे. वर्तमानपत्रांनी लगेच मथळे दिले, की पॅस्टी मुळात डेव्हनची. कॉर्नवॉलचे लोक चिडले. पण ती नोंद आहे हरणाच्या मांसाच्या पॅस्टीची, म्हणजे त्याच श्रीमंती पदार्थाची, जो त्या काळी लंडनपासून सगळीकडे बड्या घरांत होता. बटाटा आणि स्वीड घातलेली, मजुराच्या खिशात मावणारी पॅस्टी कुठे आणि कशी घडली, या प्रश्नाशी तिचा काही संबंध नाही. माझ्या मते दोघांनी आपापले कागद गुंडाळून ठेवावेत हे बरं.

श्रीमंताच्या ताटातला पदार्थ गरिबाकडे उतरला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्यात, बटाट्याबरोबर. बटाटा स्वस्त, पोटभरीचा, घरामागच्या परसात येणारा. पण तितकंच मोठं कारण चुलीत होतं. कॉर्नवॉलमध्ये दगडी कोळसा नाही. तो समुद्रापलीकडून वेल्समधून यायचा आणि खाणींवरची वाफेची यंत्रं खाऊन टाकायची. झाडंही फारशी नव्हती. गरीब घरांत माळावरचं काटेरी झुडूप आणि गवताळ मातीचे वाळवलेले तुकडे जाळत. सपाट लोखंडावर पदार्थ ठेवायचा, त्यावर कढई पालथी घालायची, भोवती आणि वर निखारे लोटायचे, असा भाजण्याचा प्रकार घरोघर होता. अशा घरात भाकरी वेगळी, रस्सा वेगळा, भाजी वेगळी हा थाट परवडणारा नव्हता. पॅस्टीत एकाच आगीवर सगळं होतं आणि भांडंही खाऊन संपतं. आकारही घरातल्या माणसागणिक ठरवता येतो: बापाची मोठी, धाकट्याची वीतभर. टोकाला पिठाच्याच तुकड्याने नावाचं आद्याक्षर चिकटवत, म्हणजे अर्धी राहिलेली कुणाची यावरून भांडण नको. ज्याला कांदा चालत नाही त्याच्या अक्षराखाली कांदा नाही.

मांस मात्र रोज नसे. मजुराच्या पॅस्टीत आठवड्यातले बरेच दिवस बटाटा, कांदा आणि कंद, फार तर डुकराच्या चरबीचा तुकडा. त्याहूनही हलाखीची गोष्ट म्हणजे होगन: जवाच्या पिठाचा घट्ट गोळा, नशीब असेल तर आत डुकराच्या मांसाचा एखादा तुकडा. खाणींमधल्या मुलांच्या कामाची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल १८४२ साली आला. त्याच्यासाठी ट्रुरोचे डॉक्टर चार्ल्स बॅरम यांनी कॉर्नवॉलमधल्या मुलामुलींची माहिती गोळा केली होती. त्यातली बरीच मुलं जमिनीखाली उतरत नव्हती. मुली आणि बायका वर, उघड्यावर, हातोड्यांनी खनिज फोडत; मुलं ते धुवून निवडत. त्यांच्या दुपारच्या जेवणात पॅस्टी आणि होगन दोन्ही होते. चारपाच वर्षांत बटाट्यावर रोग पडला, धान्य महागलं आणि १८४७ साली खाणकामगारांचे जमाव बंदरांवर चालून गेले, तिथून बाहेर जाणारं धान्य अडवायला. शेतमजूर, कोळी, शाळेत जाणारी पोरं, सगळ्यांच्या फडक्यात पॅस्टी असे. खाणकामगार हा तिच्या अनेक गिऱ्हाइकांपैकी एक.

मग आर्सेनिक? ते खोटं नाही. कॉर्नवॉल आणि शेजारच्या डेव्हनमधलं खनिज आर्सेनिकमिश्रित होतंच, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पट्ट्यातून जगाच्या आर्सेनिकचा फार मोठा वाटा बाहेर पडत होता. काच, रंग आणि पुढे अमेरिकेतल्या पिकांवरचं कीटकनाशक यासाठी त्याला मागणी होती. पण खरा धोका जमिनीखाली खडक फोडणाऱ्याला तितका नव्हता. तो होता वर भट्ट्यांवर. खनिज भाजल्यावर धूर लांबलचक नागमोडी धुराड्यातून फिरवत, भिंतींवर पांढरी पूड धरे, आणि ती खरवडायला माणसं आत शिरत. नाकात कापूस, तोंडाला फडकं, उघड्या कातडीला मातीचा लेप. आर्सेनिकचा हा धंदा वाढला तोवर पॅस्टी जुनी झाली होती आणि तिची मुरडही.

छायाचित्रं आणखी स्पष्ट बोलतात. कॅम्बोर्नचे छायाचित्रकार जे. सी. बरो यांनी १८९०च्या दशकात मॅग्नेशियमच्या झगझगाटात खाणींच्या पोटातली चित्रं टिपली. त्या काळात हे काम म्हणजे कमालच होती. ओलसर उकाड्यात भिंगावर वाफ धरे, धूर निवळायची वाट पाहावी लागे, आणि माणसांना तेवढा वेळ न हलता थांबावं लागे. डोक्यावर टणक टोप्या, टोपीला ओल्या मातीच्या गोळ्याने चिकटवलेली मेणबत्ती. जेवणाच्या सुट्टीत, ज्याला ते ‘क्राउस्ट’ म्हणत, बसलेल्या माणसांच्या हातात पॅस्टी दिसते ती कापडाच्या किंवा कागदाच्या पिशवीत, एका टोकाने खाल्ली जाणारी. १९२९ साली निघालेल्या कॉर्निश पाककृतींच्या पहिल्या छापील संग्रहातही पॅस्टी टोकाकडून टोकाकडे खाणं हीच अस्सल रीत म्हणून दिली आहे. हात घाण असेल तर पिशवी धरावी, इतकी साधी युक्ती त्यांना सुचली नसेल असं मानायचं कारण काय? शिवाय ज्या घरात जवाचा गोळा चावून दिवस काढत, तिथे गव्हाच्या पिठाची चांगली बोटभर जाड कड रोज भुतांना वाहिली जात होती, हे माझ्या गळी उतरत नाही. खाणीत ठोठावणारे अदृश्य जीव असतात, ही श्रद्धा खरी होती; त्यांना एखादा तुकडा टाकतही असतील. पण तो नैवेद्य, अख्खी कड नव्हे.

असं असूनही पॅस्टीवर खाणकामगाराचा ठसा इतका पक्का कसा बसला? उत्तर कॉर्नवॉलच्या बाहेर शोधावं लागतं. १८६६ साली तांब्याचे भाव कोसळले आणि खाणी धडाधड बंद पडल्या. १८६१ ते १९०१ या काळात दर दशकात तिथल्या पुरुषांपैकी सुमारे पाचवा हिस्सा परदेशी गेला. जगात जिथे जमिनीत भोक असेल तिथे खाली एक कॉर्निश माणूस सापडेल, असं गमतीने म्हणत. घरी पॅस्टी सर्वांची होती. परदेशात ती खाणकामगारांची झाली, कारण तिथे गेलेले बहुतेक कॉर्निश लोक खाणकामगारच होते.

मिशिगनच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पात १८४०च्या दशकापासून तांबं निघत होतं. कॉर्निश लोक तिथे मुकादम आणि जाणते कामगार. मागून फिनलंडचे लोक आले, हाताखाली लागले, वरच्यांचं पाहून पॅस्टी नेऊ लागले. दोन पिढ्यांत ती फिनिश लोकांचीच परंपरा समजली जाऊ लागली! त्यांनी गाजर घातलं. कॉर्नवॉलमध्ये गाजर हा अक्षम्य गुन्हा. मिशिगनमध्ये त्याहून मोठा वाद आहे केचप की रस्सा. १९५७ साली मॅकिनॉ पूल झाला, मोटारी उत्तरेला जाऊ लागल्या आणि रस्त्याकडेला पॅस्टीच्या पाट्या लागल्या. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा, कडिना आणि वॉलरू या तांब्याच्या गावांचीही तीच तऱ्हा. तिथे १९७३ पासून कॉर्निश महोत्सव भरतो.

सगळ्यात रंगतदार प्रकरण मेक्सिकोचं. हिडाल्गो प्रांतात रेआल देल मोंते इथे चांदीच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खाणी होत्या. खाण-अभियंता जॉन टेलर यांच्या कारभाराखाली एका इंग्रज कंपनीने १८२५ मध्ये कॉर्नवॉलहून वाफेची यंत्रं आणि माणसं पाठवली. किनाऱ्यावर उतरताच पीतज्वराने कितीतरी जण दगावले. उरलेल्यांनी यंत्रं डोंगरावर ओढून नेली. कंपनी १८४९ पर्यंत बुडाली, माणसं राहिली. आज त्या गावात आणि शेजारच्या पाचुकात ‘पास्ते’ हा अस्सल गावचा पदार्थ आहे: बटाटा-मांसात हिरवी मिरची, नाही तर मोले नावाचा मेक्सिकन रस्सा, नाही तर अननस. पॅस्टीचं संग्रहालयही तिथे आहे. २०१४ साली तेव्हाचे युवराज चार्ल्स आणि कॅमिला तिथे जाऊन पास्तेला मुरड घालून आले.

याच टेलरांच्या घराण्याची कंपनी, जॉन टेलर अँड सन्स, १८८०च्या दशकात आपल्या शेजारी कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवू लागली. तिथेही कॉर्निश कप्तान आले, बंगले उठले, चर्च झाली. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. २००१ मध्ये सगळं बंद झालं. मेक्सिकोत आणि कोलारात घराणं एक, कॉर्निश माणसं तीच. तरी पॅस्टी कोलारच्या बाजाराची झाली नाही. गोमांस हे एक कारण आहेच, पण ते पुरेसं नाही. सारण कुठेही बदलता येतं, मेक्सिकोने बदललंच. फरक मला जेवायला बसण्यात दिसतो. मिशिगनमध्ये फिनिश पोऱ्या आणि कॉर्निश जाणता एकाच खोदाईत, एकाच वेळी शिदोरी सोडत. कोलारात प्रत्यक्ष खोदणारे प्रामुख्याने तमिळ आणि तेलुगू मजूर, त्यातले कितीतरी दलित. गोरे वरच्या जागांवर, वेगळ्या वस्तीत, वेगळ्या क्लबात. वर्ण आणि जात यांच्या भिंतींमधून सोनं बाहेर गेलं, पदार्थ आत आला नाही.

इकडे मायदेशी उलटंच घडत होतं. १९०४ साली लंडनहून कॉर्निश रिव्हिएरा एक्स्प्रेस धावू लागली. हवापालटाला येणाऱ्यांना पॅस्टी ही गंमत वाटे. पुढे खाणी एकेक करून मिटत गेल्या. जीवॉर १९९० मध्ये. शेवटची साउथ क्रॉफ्टी १९९८ मध्ये. २००६ मध्ये ओसाड इंजिनघरांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. खाणकामगार उरला नाही तेव्हाच पॅस्टीच्या वेष्टनावर तो कुदळ घेऊन उभा राहिला, आणि आर्सेनिकची गोष्टही त्याच्याबरोबर दुकानोदुकानी गेली.

२०११ साली युरोपीय संघाने ‘कॉर्निश पॅस्टी’ला भौगोलिक मानांकन दिलं. नियम मजेशीर आहेत. आकार इंग्रजी डी अक्षराचा. मुरड बाजूलाच, माथ्यावर नाही. मांस किमान साडेबारा टक्के, भाज्या किमान पंचवीस टक्के. सारण कच्चं. गाजराला मज्जाव. इथपर्यंत ठीक, पण गोमांस कॉर्नवॉलचं असण्याची अट नाही, बटाटाही कुठलाही चालतो. पॅस्टी तिथे भरून मुरडली पाहिजे, भाजायची मात्र कुठेही. म्हणजे गोठवलेली कच्ची पॅस्टी लंडनच्या स्टेशनवर भाजली तरी ती कॉर्निश, आणि सीमेवरच्या टेमार नदीच्या अलीकडे डेव्हनमधल्या बाईने आजीच्या रीतीने केली तरी ती कॉर्निश नाही. मोठ्या कारखान्यांना हे फार सोयीचं पडलं. कॉर्नवॉलमधल्या कॅलिंग्टनच्या जिन्स्टर्स या पॅस्टी कारखान्याचे मालक सॅमवर्थ ब्रदर्स लेस्टरकडचे. साडेबारा टक्क्यांची मर्यादाही मला खटकते. जुन्या मजुराच्या घरी मांस कमी पडे ते गरिबीने. आता तेवढं कमी घालायला कायद्याची मुभा आहे.

मानांकनाला वर्ष होतं न होतं तोच मार्च २०१२ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी दुकानातल्या गरम पॅस्टीवर वीस टक्के कर लावायचं जाहीर केलं. बेकरीतून नेलेल्या अशा पदार्थांवर तोवर कर नव्हता. संसदेच्या समितीत त्यांना विचारलं, ग्रेग्ज या बेकरीत जाऊन शेवटची पॅस्टी कधी घेतलीत? आठवेना. पंतप्रधान कॅमेरन सावरायला गेले आणि लीड्स स्टेशनवर आपण झकास पॅस्टी खाल्ल्याचं सांगून बसले. पत्रकारांनी शोध घेतला तर ते दुकान आधीच बंद झालेलं. विरोधी पक्षनेते एड मिलिबँड लगोलग कॅमेऱ्यांसमोर बेकरीत शिरले आणि त्यांनी सॉसेज रोल घेतले. कॉर्नवॉलमध्ये लोक रस्त्यावर उतरले. खाणी बंद होताना ज्या सरकारांना पाझर फुटला नव्हता, त्यांच्या वारसांनी पॅस्टीपुढे मान तुकवली: २८ मे रोजी प्रस्ताव मागे घेतला.

पुरता मात्र नाही. भट्टीतून काढून फळीवर आपोआप निवत असलेल्या पॅस्टीवर आज कर नाही, मग ती हातात घेताना चटका का बसेना. तीच गरम पेटीत ठेवून विकली, की वीस टक्के.